गिटारीची भुणभुण

आमच्या भागात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारा मी एकटा होतो, आणि ही गोष्ट मी नम्रपणे सांगणार नाही. पेटीवाले पुष्कळ होते, ढोलकीवाले तर घरटी एक. बेंजो वाजवणारेही दोन-चार निघाले असते. पण गिटार फक्त माझ्याकडे. एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राकडून घेतलेली, पांढरी, एका बाजूचा रंग उडालेली. राळेगावात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनं तांबं उपसायचं आणि नवी तार गुंडाळून मोटार भरून द्यायची, हा दिवसाचा धंदा. संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत गिटार.

ती कापसाची वाईट वर्षं होती. बाहेरचे लोक गाड्या घेऊन यायचे, गावोगाव फोटो काढायचे, आणि फोटोसाठी त्यांना पडलेलाच चेहरा लागायचा. आमच्या पार्टीचा फोटो कोणी काढला नाही. खरं तर त्याच वर्षांत आम्ही सगळ्यात जास्त गायलो. कापूस पिको न पिको, भीमजयंती व्हायचीच. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जोडून स्टेज व्हायचं, निळ्या पताका लागायच्या, बाया शेतातून येऊन पांढरं लुगडं नेसून पुढे बसायच्या.

गायची माझी धाकटी बहीण. गाणं सुरू करायच्या आधी ती शेर म्हणायची. आमच्याकडे ही रीतच आहे. ढोलकी थांबते, पेटी थांबते आणि गाणारा दोन-चार ओळी मोकळ्या, तालाविना म्हणतो. सगळा मंडप त्या ओळींची वाट पाहत असतो. मग गायिकेचा हात वर गेला की ढोलकी पडते आणि गाणं सुरू होतं. बहिणीच्या शेराखाली फक्त माझी गिटार असायची, एकच सूर हळू धरून ठेवलेला. ती जागा माझी होती. ती मला कोणी दिली नव्हती, मी वाजवून मिळवली होती.

आणि नेमकी तिथेच गिटार भुणभुणायची. ढोलकी वाजत असली की काही कळायचं नाही, पण शेराला सगळं शांत झालं की स्पीकरमधून भुंगा सुरू. शेजारी विजेच्या ट्रान्सफॉर्मरची डीपी असली, ट्यूबलाइटच्या माळा असल्या किंवा भारनियमनामुळे जनरेटर लावला असला की बघायलाच नको. पुढची पोरं मागे वळून हसायची.

आता मी पडलो मोटारीवाला. मी छातीठोकपणे सांगितलं की अर्थिंगचा घोळ आहे. मोटारीला झटका बसला की आम्ही जे करतो तेच मी गिटारीला केलं. स्टेजच्या मागे लोखंडी पहार ठोकायची, तिच्या बुडाशी मीठ आणि कोळसा टाकायचा, वर बादलीभर पाणी ओतायचं आणि अँप्लिफायरची तार तिला बांधायची. प्रत्येक गावात हा कार्यक्रम. मुकुटबनकडच्या एका गावात मी इतकं पाणी ओतलं की ढोलकीवाल्याच्या चपला चिखलात रुतल्या आणि तो अनवाणी घरी गेला. भुंगा मात्र होता तिथेच होता.

त्या वर्षी जयंतीच्या आधी पेटीमास्तरांनी मला बोलावलं. पार्टी त्यांची. वयाने मोठे, बोलायला सरळ. त्यांनी चहा पाजला आणि सांगून टाकलं की शेराच्या वेळी हा आवाज चालणार नाही, पोरीच्या गळ्याची माती होते, तेव्हा जयंतीपासून बेंजोवाला बसेल. मला राग आला. मी म्हटलं, भुंगा मेला तर? ते म्हणाले, "मंग तू बस. पण मेला पायजे, बेशुद्ध नाही."

घरी येऊन मी गिटार उघडली. तारांखाली जे पिकअप असतं ते म्हणजे दुसरं काही नाही, लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली केसासारखी बारीक तार. वर गिटारीची तार थरथरली की त्या वेटोळ्यात वीज उठते आणि तिचा आवाज होतो. पण वेटोळं भोळं असतं. डीपीची थरथरही ते आपलीच समजून उचलतं. मग अर्थिंग कितीही करा, उपयोग शून्य. हे मला आधी कळायला हवं होतं, कारण आयुष्यभर मी वेटोळीच गुंडाळत आलो. नागपूरला वाद्यांच्या ज्या दुकानातून मी गिटारीच्या तारा मागवायचो, त्याच्या मालकाला फोन केला. ते म्हणाले की बिनआवाजाची पिकअप मिळतात, एका वेटोळ्याखाली दुसरं, उलट्या दिशेने भरलेलं. बाहेरचा आवाज दोघांत शिरतो, पण एकात सुलटा आणि दुसऱ्यात उलटा, आणि ते दोन आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मला सगळं समजलं. तसं वेटोळं स्वतः भरायचाही प्रयत्न केला. माझ्या बोटांना मोटारीच्या जाड तारेची सवय, ती बारीक तार दर फेऱ्याला तुटायची. शेवटी नागपूर गाठायचं ठरलं, आणि बहीण म्हणाली की मीही येते.

आता नागपूरच्या दुकानात सगळंच चांगलं वाजतं. तिथे भिंतीला प्लायवुड, वीज स्वच्छ, डीपी लांब. तिथे निवडलेली वस्तू आमच्या ट्रॉलीवर काय दिवे लावेल, याची खात्री कोणी द्यावी? म्हणून मी पिशवीत आमच्याकडची वीज घेऊन गेलो. म्हणजे माझ्या दुकानातला सगळ्यात खराब, गुरगुरणारा ट्यूबलाइटचा चोक, पट्टीसकट. तो मी त्यांच्या काउंटरवर ठेवला, प्लगमध्ये खोचला आणि ट्यूब लागली तशा भिंतीजवळच्या, अँपला जोडून ठेवलेल्या गिटारी एका सुरात भुणभुणायला लागल्या. गिऱ्हाइकं बघायला लागली. मालक आधी चिडले, मग चष्मा पुसून जवळ आले आणि स्वतःच एकेक गिटार चोकाशेजारी धरायला लागले.

जाड पिकअपवाली पहिली गिटार गप्प राहिली, पण तिचा आवाज घट्ट वरणासारखा, शेराखाली धरला तर ओळी त्यात बुडाल्या असत्या. दुसरी बिनआवाजाच्या पिकअपची. चोक तिच्यावर ठेवला तरी ती हूं की चूं करेना. मी खूश. म्हटलं, मास्तरांना हेच पाहिजे, मेलेला भुंगा. तिसरीही तशीच बिनआवाजाची, दुसऱ्या बनावटीची. स्पीकरला कान लावला तर खोल कुठेतरी बारीकशी कुजबुज उरायची. पण तारेला बोट लावलं की टणकार असा निघायचा की मान आपोआप वर व्हायची.

मी दुसरीतली पिकअप बांधायला सांगितली. बहीण इतका वेळ स्टुलावर बसली होती. ती उठली आणि मला म्हणाली की सूर धर. मी दुसऱ्या गिटारीवर धरला आणि ती हलक्या आवाजात शेर म्हणायला लागली. मग तिसरीवर. दुकानातले लोक गप्प झाले. मला माझ्या गिटारीपेक्षा बहिणीचाच अभिमान वाटत होता. ती मध्येच थांबली.

"दादा, त्या दुसरीत तारच वाजून नाही राह्यली," ती म्हणाली. "अळणी आहे. मी शेर कोनाच्या भरवशावर म्हनू?"

मी तिला समजावलं की तिसरीत कुजबुज आहे, मास्तरांच्या कानाला ती लागली तर माझी जागा गेली. ती म्हणाली, "मास्तरचं मी पाहून घेतो. तू तिसरी घे." मी तिसरीतली पिकअप घेतली. एसटीत येताना हिंगणघाटपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही. पिकअपचा डबा मांडीवर होता आणि मला वाटत होतं की माझी जागा मी माझ्याच हाताने बेंजोवाल्याला दिली.

दोन दुपारी लागल्या. दुकानात तशीही कामं कमी होती, विहिरी आटल्या की मोटारी जळत नाहीत. जुनी पिकअप काढली, नवी बसवली, सोल्डर करताना हात एकदाही हलला नाही. इतकं नीट काम मी कुठल्या मोटारीला केलं नसेल.

जयंतीला डीपी स्टेजच्या डोक्यावरच होती आणि त्यात भर म्हणून जनरेटर. मास्तर पेटीवर, डोळे माझ्याकडे. बेंजोवाला पहिल्या रांगेत, बेंजो मांडीवर घेऊन तयार. ढोलकी थांबली, पेटी थांबली. मी आवाज पुरता उघडला आणि सूर धरला. भुंगा नव्हता. ती कुजबुज असलीच तर जनरेटरच्या फडफडीत कुठे गेली कोणास ठाऊक. बहिणीने श्वास घेतलेला मला माईकमधून ऐकू आला. तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

तिने शेर म्हटला. ढोलकीवाल्याने हात उचलून धरला, कारण आता तिचा हात वर जाणार. गेला नाही. तिने पुढचा शेर घेतला, मग त्याच्याही पुढचा, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत. समोरच्या बाया पुढे सरकल्या. हे शेर मी कधी ऐकलेच नव्हते. बोटं दुखेपर्यंत मी सूर धरून राहिलो. मग कुठे तिचा हात वर गेला आणि मंडप उठला. मास्तरांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि बेंजोवाल्याने बेंजो पिशवीत घातला.

कार्यक्रम संपल्यावर लोक जेवणाकडे गेले. मी तिला विचारलं की एवढे शेर एकाएकी कुठून आणलेस.

"एकाएकी नाही, पयलेपासूनच होते," ती वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली. "तुही गिटार भुनभुन करे. लोकं तुले हासतीन म्हून मी ढोलकी लवकर बोलवत होतो."

इतकी वर्षं मला वाटत होतं की तिच्या शेराला मी आधार देतो. मी तिच्या हातातली वायर घेतली, अँपला परत लावली आणि गिटार गळ्यात घातली. मंडपवाले खुर्च्या उचलत होते. मी तिला म्हटलं, राहिलेले म्हण. ती खाली मान घालून हसली, मग उभी राहिली आणि म्हणायला लागली. मी अभिमानाने डोळे मिटले आणि तिच्या शेराखाली सूर धरला.