घर उचलायचं बोलावणं

जावा बेटावरचं एक गाव मला तोंडपाठ आहे, पण मी तिथे कधी गेलेले नाही. नदीला लागून खालची आळी. मधे मशीद आणि तिच्यापुढे तळं. वर चढणीला फणसाची झाडं, त्यापलीकडे भातखाचरं, मग सागाचं जंगल आणि सगळ्यांच्या मागे अधूनमधून धूर सोडणारा डोंगर. बाजार शेजारच्या मोठ्या गावात भरतो, आणि तोही दर पाचव्या दिवशी, कारण तिथे सात दिवसांच्या आठवड्याच्या जोडीला पाच दिवसांचा आणखी एक आठवडा चालतो. दोन्ही आठवडे डोक्यात ठेवून ती माणसं कामं कशी लावत असतील, याचा मी बराच विचार केला होता. हे सगळं मला कळलं ते दोह्यात, अल गराफातल्या आमच्या स्वयंपाकघरात.

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं होती. ह्यांची नोकरी तेलाच्या कंपनीत. एका कतारी कुटुंबाच्या बंगल्यामागचं बैठं घर आम्ही भाड्याने घेतलं होतं. मधे भिंत आणि भिंतीत एक दार. घरमालकिणीकडे जावाची एक बाई कामाला होती. वय तिशीचं, नवरा वारलेला, गावी आई आणि शाळेत जाणारी मुलगी. दुपारी मालकीण आडवी झाली की ही त्या दारातून माझ्याकडे यायची. माझ्या मिरचीच्या ठेच्यावर तिचा जीव होता. मी भाजी निवडायची, ती भातावर ठेचा घेऊन बसायची. बोलणं थोडं अरबी, थोडं हिंदी आणि उरलेलं हातवाऱ्यांनी. ती मला ‘इबू’ म्हणायची. तिच्याकडे आईलाही इबूच म्हणतात आणि बाईसाहेबांनाही.

एका दुपारी ती आली आणि ठेच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गावाहून आईची कॅसेट आली होती. त्या काळी आखातातल्या पुष्कळ घरांत पत्राऐवजी कॅसेटच यायच्या. बोलायचं, भरायची आणि जाणाऱ्या माणसाबरोबर धाडायची. आईने सांगितलं होतं की नदीने काठ खाल्लाय, तो आता मागच्या परसापर्यंत आलाय. पुढच्या पावसाआधी घर हलवायला हवं.

“म्हणजे पाडून दुसरीकडे बांधायचं?” मी विचारलं.

“नाही इबू. उचलायचं.”

“घर?”

“घर.”

मग तिने ताटातला भात बाजूला सारून मला दाखवलं. घर लाकडी सांगाड्याचं. आधी कौलं उतरवायची, बांबूच्या विणलेल्या भिंती सोडवायच्या. सांगाड्याला खालून लांब बांबू बांधायचे. मग सगळ्या आळ्यांतले पुरुष खांदा लावतात, एकजण हाळी देतो आणि घर चालायला लागतं. बायका त्या दिवशी मोठ्या चुलींवर सगळ्यांचा भात रांधतात. कोणी मजुरी घेत नाही. आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे. याला ते ‘सांबातान’ म्हणतात.

“मग अडलंय कुठे?”

अडलं होतं ते असं. ती कतारला आल्यापासून तिच्या घरचं कोणी दुसऱ्याच्या सांबातानला गेलं नव्हतं. खांदा द्यायला पुरुष नाही, आणि आई थकलेली, एकटीने चुलीपुढे उभं राहणं तिला झेपत नव्हतं. आता कोणत्या तोंडाने बोलवायचं?

“आणि नाही आले तर?”

“घर नदीत जाईल, ते एक. आणि त्या गावात आमचं घर नाहीच, असं होईल.”

मी लगेच उपाय काढला. बाजारच्या गावातून मजूर आणायचे, दिवसाची मजुरी द्यायची, काम खलास.

तिने मलाच उलट विचारलं. “इबू, तुमच्याकडे लग्नाला पाहुणे मजुरीने आणतात?”

हे तेव्हा चहा पीत बसले होते. ते जोरात हसले. “हाण! अगं, ही तर इर्जिक. आमच्या गावात नांगरटीला हेच. ज्याचं रान त्याने जेवण घालायचं, बाकीच्यांनी आपापले बैल घेऊन यायचं. पण बोलवायला घरच्या माणसाला दारात जावं लागतं. नुसता निरोप धाडला तर कुत्रं येत नाही.”

हे मी तिला तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं. तिने जोरजोरात मान हलवली. अगदी तसंच. आई दारोदार जाईल, उभी राहील, पण लाजेने तोंड उघडणार नाही.

“मग तोंड तू उघड,” मी म्हटलं. “कॅसेटवर.”

कामाला लागल्यावर मला थांबता येत नाही. मी कोरी कॅसेट आणली, टेपरेकॉर्डर टेबलावर मांडला आणि तिला एकेक घर सांगायला लावलं. टेबलावर वाट्या-चमच्यांची आळी करून मी क्रमही लावला. नदीपासून सुरुवात, मग मशीद, मग चढण. एका फेरीत सगळं गाव.

“असं नाही चालणार. आधी म्बाह.” म्बाह म्हणजे आजा. गावातला सगळ्यात म्हातारा माणूस वर फणसाखाली राहत होता. त्याच्या खालोखालची म्हातारी नदीकाठी. तिसरं घर पुन्हा वर.

“अगं, टेप आहे. कोण बघतंय?”

“सगळं गाव बघतंय.”

वाट्या पुन्हा मांडल्या. क्रम वयाचा. माझ्या सरळ रस्त्याचं पार भेंडोळं झालं.

बोलायला ती उभी राहिली. दर घराला चपला काढायची, कमरेत वाकायची, बोलून झालं की चपला घालून दोन पावलं सरकायची आणि पुन्हा काढायची. म्हाताऱ्यांशी बोलताना आवाज बारीक आणि सावकाश. बरोबरीच्यांशी बोलताना हसू. एका घरापुढे ती अडखळली. त्या घरी तिच्या गैरहजेरीत मुलगी वारली होती आणि ती भेटायला जाऊ शकली नव्हती. तिथे ती घर उचलण्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त त्या मुलीबद्दल बोलली.

तेवढ्यात भिंतीतलं दार उघडलं आणि मालकीण आत आली. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

“हिला शोधतेय कधीची! हे काय चाललंय?”

मी सांगितलं. मालकीण अल वक्रातल्या मच्छीमाराची मुलगी. बंगला नंतरचा. ती स्टूल ओढून बसली. “माझ्या बापाची बोट किनाऱ्यावर ओढायला सगळी गल्ली यायची. आणि बाप हाक मारताना स्वतः फिरायचा, भर उन्हात. नोकराला पाठवायचा नाही.” मग हिच्याकडे वळून म्हणाली, “यल्ला, बोल. अजून किती घरं राहिलीत?”

वक्राच्या एका घरी कामाला असलेली, जावातल्या हिच्याच भागातली बाई गावी निघाली होती. तिच्याबरोबर कॅसेट गेली. त्यानंतर ही रोज यायची, ठेचा खायची, पण भात अर्धा टाकायची. मी विचारणं सोडून दिलं होतं. मालकीण मात्र दारातूनच ओरडून विचारायची, “काही कळलं?”

उत्तराची कॅसेट आली तेव्हा आम्ही तिघी माझ्या स्वयंपाकघरात बसून ती ऐकली. ही मधेमधे बटण दाबून सांगत होती.

आम्हाला वाटलं होतं की कॅसेट मशिदीपुढे एकदा सगळ्यांना ऐकवतील. आईने तसं केलं नाही. शेजाऱ्याचा टेपरेकॉर्डर ओढणीत बांधून पाठीवर घेतला आणि ती वर फणसाच्या घरी गेली. दारात उभं राहून फक्त त्या घरापुरतं ऐकवलं. बटण बंद. मग खाली नदीकाठी. पुन्हा वर. टेपचा क्रम सोडता येईना, म्हणून म्हातारी उन्हात आळ्यांमधून वर-खाली करत राहिली. पहिल्यांदा बायका हसल्या, “काय विकतेस गं?” तिसऱ्या खेपेला मुलं मागे लागली. नंतर लोक आपणच दारात येऊन उभे राहिले. एकजण तर भांडला, “चार वेळा माझ्या घरावरून गेलीस, माझी पाळी कधी?” ज्या घरची मुलगी वारली होती, त्या बाईने तेवढी टेप दोनदा लावायला सांगितली. मग आत निघून गेली.

“आली का ती?” मालकिणीने विचारलं.

“चुलीपुढे पहिली तीच होती.”

मग टेपवर लाकडी ढोलाचा ठोका, एक लांब हाळी आणि पुष्कळ माणसांचं एकदम ओरडणं. त्यात लाकूड करकरल्याचा आवाज. हिने ते थांबवून सांगितलं नाही. गरजच नव्हती.

शेवटी पुन्हा आई. घर वर नेऊन ठेवलं, पण स्वयंपाकघरात आता दुपारचं ऊन येतं, अशी तक्रार. आणि मग, कापणी झाली की फणसाच्या घराची कौलं बदलायची आहेत. म्बाह स्वतः आपल्या दारात येऊन बोलावून गेला. मी हो म्हटलं. आपल्या घरचं कोण जाईल, ते तू सांग.

टेप संपली. हिचा करार पुढे वाढवायचं ठरलेलं होतं, मुलीच्या शाळेसाठी. मालकिणीने आपल्या बहिणीकडेही हिच्या जादा कामासाठी शब्द टाकला होता. कापणीला गेली तर ते सगळं अडणार होतं.

“कापणी कधी?” मालकिणीने विचारलं.

हिने सांगितलं.

“मग तिकिटाचं आत्ताच बघायला हवं. परत येणार ना?”

“इन्शाल्ला.”

“ते इन्शाल्ला मला माहितेय,” मालकीण म्हणाली आणि तणतणत दारातून गेली. पाच मिनिटांत आली ती सणावाराला भात करायचं भलंमोठं पातेलं दोन्ही हातांनी ढकलत. “सगळ्या गावाला काय वाटीत शिजवून घालणार आहेस?”

“एवढं विमानात घेतील का?” हिने मला विचारलं.

मोकळं पातेलं नेलं तर जागा वाया जाईल, एवढं मला दिसत होतं. मुलीचे कपडे तळाशी, आईची शाल वर, खारकांचे डबे कडेने, ठेच्याची बाटली कपड्यांत गुंडाळून मधोमध. झाकण उलटं बसवलं तर त्याची मूठ आत जाते आणि सुतळी घट्ट बसते. मालकीण म्हणत होती सुलटंच बसव. त्यावर आमचं थोडं वाजलं. शेवटी उलटंच बसवलं.