मक्याचा डबा

ज्याला तुम्ही स्वतःच्या हातानं माणसाळवलं, त्यालाच पुन्हा माणसाची भीती शिकवायची वेळ तुमच्यावर कधी आली आहे का? लगेच उत्तर देऊ नका. आधी काकूंचं ऐका, मग बोला.

टायरच्या दुकानाशेजारच्या बोळातून आत गेलं की आधी वास येतो, मग आवाज येतो, मग काकू दिसतात. अंगात नवऱ्याचा जुना खाकी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात फांद्या छाटायची कात्री. ती झाडांसाठी नाही, खुरांसाठी. दगडधोंड्यांतून हिंडणाऱ्या शेळीचे खूर आपोआप झिजतात. इथल्या मऊ मातीत ते नखांसारखे वाढतात, आणि वेळेवर कापले नाहीत तर धडधाकट शेळी लंगडायला लागते.

जागा म्हणजे एक बंद पडलेली वेल्डिंगची शेड आणि तिच्यामागचं तारेचं कुंपण घातलेलं मैदान. इथे टाकून दिलेल्या शेळ्या राहतात. दूध आटलेल्या, पाय मोडलेल्या, बाजारात धड उभी राहत नाही म्हणून गाडीतून रस्त्याकडेला ढकललेल्या. दोन तर शाळेतून आल्या. मुलांना प्राणी दाखवायला आणल्या होत्या, सुटी लागली आणि शाळेला त्यांचा कंटाळा आला. इथे आलेल्या शेळीनं दूध द्यायचं नाही, करडं द्यायची नाहीत, विकलं जायचं नाही. नुसतं जगायचं.

हे लोकांना पचत नाही. माणसांना खायला नाही आणि शेळ्यांचे कसले लाड, असं विचारणारे रोज भेटतात. मी त्यांना चांगली ओळखते. उंटावरून शेळ्या हाकणारी जमात आहे ती. माणसांसाठीसुद्धा त्यांनी कधी बादलीभर पाणी उचललेलं नाही.

काकूंचा नवरा, आमचे काका, आधी टेम्पोतून बाजारातल्या शेळ्या खाटकांकडे पोचवायचे. काकू घरी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायच्या आणि टेम्पो परत आला की धुवायच्या. एकदा धुताना कोपऱ्यातलं पोतं उचललं तर खाली ओलं करडू. काळं कुळकुळीत, कान तेवढे पांढरे. वाटेतच जन्मलं होतं आणि आई केव्हाच उतरून गेली होती. उद्या देऊन टाकू, काका म्हणाले. तो उद्या काही उजाडला नाही. महिन्याभरानं काकांनी शेळ्यांची भाडी सोडली आणि कपाटं-पलंग वाहायला लागले. का सोडली विचारलं तर म्हणतात, "घरात बाटली पाजायची आणि बाहेर टेम्पो भरायचा, हे एकाच हातानं होईना."

ते करडू मोठं होऊन मुकादमीण झालं. म्हणजे तसं नावच पडलं. ती पुढे, बाकीच्या मागे. ती शेडमध्ये शिरल्याशिवाय कुणी शिरायचं नाही, ती उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. दाढीवाला एक बोकड होता, प्रत्येक गोष्टीत आडवा यायचा म्हणून त्याला वकील म्हणायचे. पण मुकादमिणीपुढे त्याचीही वकिली चालत नसे.

काकूंची सकाळ डोळ्यांपासून सुरू होते. एकेकीला गुडघ्यांत धरायचं आणि खालची पापणी ओढून बघायची. आत गुलाबी दिसलं तर ठीक, पांढरं पडलं तर पोटात जंत. मग लेंड्या झाडायच्या, बादल्या घासायच्या, चारा टांगायचा. हो, टांगायचा. शेळीचा तोरा मोठा असतो, जमिनीवर पडलेल्या चाऱ्याला ती तोंड लावत नाही. काकांनी लोखंडी पलंगाची जाळी भिंतीला उभी ठोकून दिली आहे. तिच्यातून ओढून ओढून खातात. पलंग काकांच्या लग्नातला. "ज्यावर मी झोपायचो ते यांचं ताट झालं," असं ते आल्यागेल्याला सांगतात, आणि काकू दरवेळी म्हणतात, "आणि तुम्ही घोरायचात, त्या घोरत नाहीत."

आता डब्याचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं आहे.

बाजार बघून आलेली शेळी माणूस दिसला की कोपऱ्यात घुसते, भिंतीला डोकं लावते आणि थरथरते. तिला धरलं तर बिघडतं, बोलावलं तर आणखी बिघडतं. काकूंनी स्वतःच एक रीत शोधून काढली. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात मूठभर मका घालायचा, तो वाजवायचा, आणि शेळीकडे पाठ करून जमिनीवर बसून राहायचं. बघायचं नाही, हात पुढे करायचा नाही. रोज तसंच. एक दिवस मानेवर गरम श्वास येतो. तरीही वळायचं नाही. मग केव्हातरी ती स्वतःच डब्यात तोंड घालते.

एवढ्यावर दुसरा कुणी थांबला असता. काकू थांबल्या नाहीत. त्यांचं म्हणणं, माझ्याकडे आली म्हणजे फक्त मला ओळखते. तिची माणसाची भीती गेली पाहिजे, सगळ्या माणसांची. म्हणून मग डबा दुसऱ्याच्या हाती द्यायचा. पोस्टमन, टायरवाला, शाळेतली पोरं, मी, कुणीही. परक्यानं डबा वाजवल्यावर जी धावत येईल ती पास. जी येणार नाही ती नापास, तिची पुन्हा सुरुवातीपासून शिकवणी. एक तांबडी शेळी कायमची नापास होती. डबा वाजला की ही मैदानातल्या मोडक्या गाड्याखाली. तिला आम्ही पळपुटी म्हणायचो. काकू तिच्यापुढे हात टेकायच्या.

टायरवाला एकदा म्हणाला होता, "वहिनी, तुमच्या शेळ्या न्यायला दोरी पण लागायची नाही." सगळे हसले. काकू सगळ्यांत जास्त हसल्या. त्यांना ती शाबासकी वाटली.

आणि दोरी लागली नाहीच.

त्या दुपारी वकिलाचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. कुणीतरी कुंपणावरून शिळे पाव टाकले होते, त्यानं हावरटपणानं सगळे खाल्ले. काका-काकू त्याला टेम्पोत घालून जनावरांच्या डॉक्टरकडे गेले. परत आले तेव्हा मागचं फाटक सताड उघडं. मैदानात दोनच शेळ्या. पळपुटी गाड्याखाली. आणि एक म्हातारी, तीन पायांवर चालणारी, मैदानाच्या मधोमध उभी, तोंड फाटकाकडे. ती अजून निघालेलीच होती. पोचायच्या आत गाडी सुटली होती.

टायरवाला ओशाळला होता. म्हणाला, मागे डबा वाजलेला मी ऐकला, मला वाटलं तुमच्याकडचंच कुणी पाहुणं आलंय. त्याचा काय दोष? डब्याचा आवाज म्हणजे घरचं माणूस, हे शेळ्यांसारखं त्यालाही पाठ झालं होतं.

दुसऱ्या दिवशी जनावरांचा बाजार होता. पहाटेच काका, काकू आणि मी पोचलो. काकूंच्या हातात डबा. शेळ्यांच्या रांगांमधून त्या तो वाजवत चालल्या. लोक हसत होते. एकानं विचारलं, मावशी, खेळ कुठे आहे तुमचा? काकूंचं लक्ष नव्हतं. शेकडो शेळ्या खाली मान घालून उभ्या होत्या. डब्याच्या आवाजाला एकीनंही कान हलवला नाही. बाजारातल्या शेळ्यांना डबा काय माहीत.

शेवटच्या रांगेत एक मान वर झाली. काळी मान, पांढरे कान. दावं ताणून ती ओरडली आणि काकूंच्या हातातला डबा थांबला. मुकादमीण एकटीच होती. बाकीच्यांचा पत्ता तेव्हाही लागला नाही, पुढेही नाही.

तिथे काकू चुकल्या असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणणार, त्यांच्या जागी मी असते तर दगड उचलला असता. त्यांनी तिच्याजवळ उभ्या असलेल्या दलालाची कॉलर धरली आणि भर बाजारात त्याला चोर म्हणाल्या. तो म्हणाला, मी सकाळी रोख पैसे मोजून घेतली आहे. घेतली असेलही. तो चोर होता की चोराचं गिऱ्हाईक, मला आजही सांगता येणार नाही. गर्दी जमली, हवालदार आला. माणूस वाईट नव्हता. त्यानं खूण विचारली. खूण नव्हती. कान टोचून नंबर लावायला काकूंनी कधी दिलं नव्हतं, या काय कैदी आहेत का म्हणायच्या. काकांनी मोबाईलवरचा फोटो दाखवला. हवालदारानं फोटो बघितला, मुकादमीण बघितली आणि मग त्याच रांगेतल्या आणखी दोन काळ्या, पांढऱ्या कानांच्या शेळ्या बघितल्या.

"सोडा तिला," काकू म्हणाल्या. "मी डबा वाजवते. माझ्याकडे आली तर माझी."

दावं सोडलं. काकूंनी डबा वाजवला. मुकादमीण धावत आली आणि डब्यात तोंड घातलं. गर्दीतून कुणी टाळी वाजवली. काकू रडत होत्या, हसत होत्या, तिचे कान चोळत होत्या.

दलाल शांतपणे म्हणाला, "खाणं दाखवल्यावर कुठलंही जनावर येतं. मावशी, डबा इकडे द्या."

हवालदारानं मान डोलावली. आता नाही म्हणायची सोय नव्हती. काकूंनी डबा दिला. काकांनी मुकादमिणीला दावं धरून लांब नेलं आणि सोडलं. दलालानं डबा वाजवला.

ती त्याच्याकडेही धावली. तेवढ्याच आनंदानं. त्याच्या मांडीला अंग घासलं, डब्यात तोंड घातलं. काकू बाजूलाच उभ्या होत्या, पण ती बघेना. कशी बघणार? परक्याकडे जायचं हेच तर शिकली होती, आणि धडा तिच्याइतका कुणालाच आला नव्हता. सगळ्यांत आधी पास झालेली तीच.

"मला तर तुम्ही दोघंही मालक दिसताय," हवालदार म्हणाला. त्यानं ते विनोदानं म्हटलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग विकत घ्यायची. शेळी विकत घ्यायची नाही असा काकूंचा नियम होता. एक विकत घेतली की तिच्या जागी दुसरी बाजारात उभी राहते, असं त्या सगळ्यांना समजवायच्या. त्या दिवशी त्यांनी तो नियम मोडला. कानातलं काढून दलालापुढे धरलं. वाटेल ते घे म्हणाल्या. पण त्याची कॉलर फाटली होती आणि चारचौघांत त्याची अब्रू गेली होती.

"चोराकडून कशाला घेता?" तो म्हणाला. त्यानं मुकादमिणीला कडेच्या गाडीत चढवलं. तिला ओढावं लागलं नाही. डबा अजून त्याच्या हातात होता, तो त्यानं गाडीत ठेवला, ती मागोमाग चढली. मग त्यानं डबा काढून काकूंना परत दिला. काकांनी ती गाडी ओळखली. एके काळी ते त्याच रस्त्यानं जायचे. गाडी कुठे जाते, हे त्यांना विचारायची गरज नव्हती.

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. ही म्हण आपण हसत हसत वापरतो. मला आता ती तोंडातून काढवत नाही.

शेड बंद करू, काका म्हणाले. पण लोक टाकायचे काही थांबत नाहीत. आठवड्याभरात फाटकाला दोन करडं बांधलेली सापडली. काकूंनी त्यांच्या पापण्या बघितल्या, बाटल्या उकळल्या. वकील बरा झाला होता, पण मुकादमीण आधी आत जाईल म्हणून रोज संध्याकाळी शेडच्या दाराशी वाट बघत उभा राहायचा. त्याला ढकलून आत घ्यावं लागे.

आता शिकवणी उलटी आहे. काकू आत उभ्या राहतात. बाहेरून काका कुणाचा तरी परका शर्ट घालून येतात आणि डबा वाजवतात. शेळी जवळ गेली की तोच डबा तिच्या कानाशी दाणकन दगडावर आपटतात, वर बादलीभर पाणी. ती दचकून पळते. वकील तर पहिल्या दिवशी पळालाच नाही. भिजला, बाजूला झाला आणि परत डब्याशी आला, काहीतरी चुकून झालं असेल अशा समजुतीनं. दुसरी बादली काकांच्यानं उचलवेना. ती मी ओतली.

"अगं, आता पास कुणाला म्हणायचं?" काकांनी एकदा विचारलं.

"जी पळेल तिला," काकू म्हणाल्या.

या हिशेबानं पळपुटी पहिली आली. तीच आता पुढे असते. ती गाड्याखाली शिरली की सगळ्या गाड्याखाली. काम झाल्यावर काकू जुन्या सवयीनं मैदानात पाठ करून बसतात, हातात डबा नसतो. त्यांच्या मानेवर श्वास येत नाही. शिकवणी चांगली चालली आहे.

तर आता माझं एवढं ऐका. आमच्याकडे जरूर या. पाला आणा, बादल्या घासा, जाळीत चारा टांगा, काम पुष्कळ आहे. पण डबा वाजवू नका, हात पुढे करू नका, लाडानं हाक मारू नका. आणि ती दोन करडं अजून कच्ची आहेत. त्यांतलं एखादं तरीही तुमच्या पायाशी आलं, तर त्याला हाकला. जोरात हाकला. काकू शेडच्या दारातून बघत असतील. तेव्हा तेवढं त्यांच्याकडे बघू नका.