ढिलं शे!

आमच्याकडे येणारा माणूस चप्पल काढून आधी 'काय, कसं काय' विचारतो. अहिरे नाना आधी खुर्ची हलवून बघत. पाठीला धरून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. जराशी करकर ऐकू आली की "ढिलं शे!" म्हणून खिशातला लहान स्क्रू ड्रायव्हर काढत, खुर्ची उलटी करत, स्क्रू आवळत आणि मगच तिच्यावर बसत. चहा तोवर निवून जाई. बायको दुसरा टाकी. नाना जाऊन आता काही वर्षं झाली, पण आमच्या घरातली एकही खुर्ची अजून हलत नाही.

नाना मूळचे सटाण्याकडचे. नाशकात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणं शहरी झालं होतं, पण एखादी गोष्ट मनाला लागली की आतली अहिराणी वर यायची, 'आहे'चं 'शे' व्हायचं. सातपूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर्सला होतो, तिथेच ते इन्स्पेक्शनला होते आणि सिडकोत आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. दोन भागांच्या मध्ये जो किंचित ढिलेपणा राहतो त्याला आमच्या कारखान्यात 'प्ले' म्हणत. नाना या प्लेचे हाडवैरी. तयार माल हातात घेऊन ते कानाशी हलवत आणि जरा खुळखुळला की बाजूला टाकत. "ढिलं राहिलं का संपलं, भो. मशीन असो नाहीतर माणूस," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. प्रॉडक्शनवाले त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, पण तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती.

माझ्यासाठी मुलगी बघायला जाताना वडीलधारे म्हणून मी नानांनाच नेलं होतं. मंडळी बसली, नावगाव झालं, तेवढ्यात नानांचा हात टीपॉयला लागला आणि टीपॉय डगमगला. मी डोळ्यांनी खुणावलं. काही उपयोग झाला नाही. मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आली तेव्हा तिला नवरा मुलगा दिसायच्या आधी टीपॉयखालून बाहेर आलेले नानांचे दोन पाय दिसले. ती खुदकन हसली. नाना खालूनच म्हणाले, "हसरी आहे पोरगी. ठरवून टाका." ठरलं. त्या टीपॉयवर पुढे कितीतरी वर्षं माझ्या सासऱ्यांनी पेपर वाचला.

हे सगळं मी हसत सांगतो, पण नानांच्या घरात पाऊल ठेवलं की हसू मावळायचं. पंकज हा त्यांचा एकुलता एक मुलगा. लहानपणी तो पळता पळता पडायचा. मग त्याला जिना चढवेना, मग चालवेना. स्नायू झिजत जाण्याचा आजार. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, उपाय मात्र सांगितला नाही. कॉलेजच्या वयात आला तेव्हा तो चाकाच्या खुर्चीत होता. हात चालत होते, जीभ तर फारच चालत होती. नानांनी त्याच्या पायांसाठी कॅलिपर करून घेतले होते. रोज सकाळी ते त्याचे पाय त्या लोखंडी पट्ट्यांत आवळत आणि त्याला भिंतीशी उभं करत. डॉक्टर केव्हाच म्हणाले होते, आता उभं करून पाय परत येणार नाहीत, त्याला त्रास देऊ नका. नानांनी ते ऐकूनच घेतलं नाही. "आवळून धरलं का राहतं उभं," ते म्हणत. पंकज ओठ दाबून उभा राही. वहिनी, पंकजची आई, स्वयंपाकघरातून बाहेर येत नसत.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सातपूरच्या मागे एका मोकळ्या प्लॉटवर काही हौशी मंडळी रविवारी सकाळी रिमोटच्या ट्रकांची शर्यत लावायची. मातीचे उंचवटे, वळणांवर जुने टायर, आणि मोठ्या चाकांचे हातभर लांबीचे ट्रक उड्या मारत, धूळ उडवत पळायचे. या सगळ्याचे म्होरके दाताचे एक डॉक्टर होते, आम्ही त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचो. नानांनी एकदा पंकजला तिथे नेलं आणि पोराचे डोळे त्या ट्रकांवरून हलेनात. डॉक्टरांनी आपला जुना ट्रक त्याला देऊन टाकला. रिमोटला दोन काड्या होत्या. एकीनं वेग, दुसरीनं डावं-उजवं. खुर्चीत बसून, दोन अंगठ्यांवर, पंकज अहिरे पहिल्यांदा कुणाच्या तरी पुढे पळाला.

घरी परतताना रिक्षात तो नानांना म्हणाला, "नाना, मला एक शर्यत पूर्ण करायची आहे. पहिल्या नंबराचं सोडा. नुसती पूर्ण. बोटं आहेत तोवर." मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो होतो. आरशात नाना मांडीवरचा ट्रक आणखी घट्ट धरताना दिसले.

आणि नेमकी तीच गोष्ट होईना. ट्रकची पुढची चाकं वळवायला काडेपेटीएवढी एक डबी असते, तिला सर्व्हो म्हणतात. आत चिमुकली मोटर आणि बारीक दातेरी चाकं. पंकजच्या ट्रकचा सर्व्हो दोन-तीन फेऱ्यांत मरायचा. ट्रक चांगला पळत असायचा, वळण यायचं, पंकज काडी दाबायचा आणि ट्रक सरळ जाऊन टायरांत घुसायचा. उघडून बघावं तर आतले दात तुटलेले. "दात हा माझाच विषय," डॉक्टर म्हणाले, "पण हे काही माझ्याच्यानं बसवले जाणार नाहीत." सगळे हसले. पंकजही हसला. नाना हसले नाहीत.

मग नानांनी ते काम इन्स्पेक्शनच्या पद्धतीनं हातात घेतलं. बॅटरी कमी पडते का? बॅटरी बदलली, सर्व्हो मेला. आत धूळ जाते का? सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून डबीला घातला, सर्व्हो मेला. ग्रीस सुकतं का? सुकत नव्हतं. मुंबईहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून त्यांनी धातूच्या दातांचा सर्व्हो मागवला. या खेपेला दात तुटले नाहीत, आतली मोटरच जळाली. वहिनींच्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत मेलेले सर्व्हो साचत गेले. कारखान्यात माझ्या टेबलाशी येऊन नाना म्हणायचे, "भो, कुठंतरी ढिलं शे. माले सापडी नही राह्यनं." अहिराणी वर आली होती, म्हणजे दुखणं आत पोचलं होतं. एव्हाना पंकजच्या हातातून पाण्याचा पेला निसटायला लागला होता.

कोडं सुटलं ते पंकजमुळे. ट्रक बंद पडला की त्याला बघत बसण्याखेरीज काम नसे आणि तो बघायचा. एका रविवारी तो म्हणाला, "नाना, बाकीच्यांचे ट्रक बघा. चाक टायरवर आपटलं की मागे झुकतं आणि परत सरळ होतं. आपलं नाही झुकत. आपलं ताठच राहतं."

नानांनी तिथेच, धुळीत बसून, ट्रक उघडला. सर्व्हो आणि चाकं यांच्यामध्ये एक स्प्रिंग असते. चाकाला धक्का बसला की ती दबते, धक्का स्वतः खाते आणि सर्व्होपर्यंत जाऊ देत नाही. तिच्यावर एक चकती असते, ती जितकी आवळावी तितकी स्प्रिंग कडक. पंकजच्या ट्रकमधली चकती शेवटच्या आट्यापर्यंत आवळलेली होती. डॉक्टर वाकून बघत म्हणाले, "अहो, ही कुणी इतकी आवळली? हिला सैल ठेवायची असते. सगळा मार आत जातोय."

कुणी आवळली हे विचारायची गरज नव्हती. ट्रक घरी आला त्याच दिवशी नानांनी चाक धरून हलवलं होतं आणि त्यांना प्ले लागला होता. त्यांनी पक्कड घेतली होती. नाना मांडीवर ट्रक घेऊन नुसते बसून राहिले. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी चकती सैल केली. ती बराच वेळ फिरत राहिली.

दुपारी पंकजला उचलून वर न्यायला मी बरोबर होतो. सकाळी उभं करणं राहून गेलं होतं, म्हणून नानांनी सवयीनं कोपऱ्यातले कॅलिपर उचलले. पंकज हळूच म्हणाला, "नाना, आता हेही सोडा ना. सगळा मार आत जातो." नाना कॅलिपर हातात धरून उभे राहिले. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. पुढे होऊन त्यांनी नानांच्या हातातून ते काढून घेतले आणि माळ्यावर टाकून दिले. नाना पंकजपाशी खाली बसले आणि त्याची पावलं चोळत राहिले. मला तिथे उभं राहवेना.

पुढच्याच रविवारी पंकजनं शर्यत पूर्ण केली. नंबर शेवटून दुसरा. ट्रक दोनदा आपटला, चाकं झुकली, सरळ झाली, आणि तो पळत राहिला. ट्रकनं शेवटची रेघ ओलांडली तेव्हा डॉक्टरांनी अशी काही आरोळी ठोकली की रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. नानांनी शर्यत पाहिलीच नाही. ते पूर्ण वेळ पंकजच्या अंगठ्याकडे बघत होते. त्या दिवशी त्यांनी अख्ख्या बिल्डिंगला जिलबी वाटली.

एका शर्यतीवर पोराचं मन भरेल कसं? पंकज खेळत राहिला आणि बोटांतली ताकद जात राहिली. रिमोटच्या काडीखालीही एक बारीक स्प्रिंग असते. बोट सोडलं की काडी तिच्यामुळे मध्ये येते. पंकजचा अंगठा कमी पडायला लागला तसे नाना ती स्प्रिंग थोडी थोडी सैल करत गेले. पोराला कळू न देता, तो झोपला की, रिमोट पुसायच्या निमित्तानं. आयुष्यभर आवळत आलेल्या माणसानं ते वर्ष सैल करण्यात घालवलं. एकदा नाना भेळ आणायला गेले असताना पंकज मला म्हणाला, "काका, काडी दर आठवड्याला हलकी होते. नानांना वाटतं मला माहीत नाही. तुम्ही सांगू नका हं." मी दोघांपैकी कुणालाच काही सांगितलं नाही. शेवटी शेवटी नानांनी ती स्प्रिंग काढूनच टाकली. मग काडी आपोआप मध्ये येईना, दर वळणानंतर पंकजलाच ती परत आणावी लागे. त्याचा ट्रक मैदानभर वेडावाकडा पळायचा आणि बाकीचे आपापले ट्रक बाजूला घेऊन त्याला वाट द्यायचे.

त्या हिवाळ्यात नाशकात कडाक्याची थंडी पडली. पंकजच्या छातीत कफ धरला आणि खोकून तो बाहेर टाकण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. दवाखान्यात चार दिवसही काढले नाहीत त्यानं. नाना शेवटपर्यंत खंबीर राहिले. सगळं रीतीनं केलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा विचारला. माणसं म्हणाली, धीराचा माणूस आहे. मला त्या धीराची भीती वाटत होती.

काही महिन्यांनी त्यांनी मला घरी बोलावलं. ट्रक डॉक्टरांना परत द्यायचा होता. मैदानावर नवीन येणाऱ्या कुणाला तरी उपयोगी पडेल, म्हणाले. पलंगावर पेपर पसरून नानांनी ट्रक पुसला, बॅटरी भरली, आणि मग रिमोट उघडला. "दुसऱ्याला द्यायचा तर नीट करून द्यायला पाहिजे." डबीत जपून ठेवलेली ती बारीक स्प्रिंग त्यांनी जागेवर बसवली, पहिल्यासारखी, आणि झाकण लावलं. मग सवयीनं अंगठ्यानं काडी ढकलून बघितली. काडी गेली आणि सोडल्यावर टक्कन मध्ये आली. कुठल्याही पोराला सहज ढकलता येईल अशीच ती होती. नानांनी पुन्हा ढकलली. पुन्हा ढकलली. मग अंगठा तसाच काडीवर ठेवून ते थांबले. अमरधामात पोराच्या चितेसमोर ज्या माणसाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, तो माणूस माझ्यासमोर हुंदके देऊन रडायला लागला.

"भो," ते म्हणाले, "कितली जड शे रे हाई."