सफरचंदापुरता चाकू

लॉकडाउन सैल होऊन शहराबाहेर जायची परवानगी मिळाल्यावर पहिल्याच शनिवारी आम्ही दोघं वेरिबीच्या आमच्या घरून निघालो. सामान भरण्याचं काम मी हौसेने अंगावर घेतलं होतं. मास्कचं खोकं, सॅनिटायझर, घडीच्या खुर्च्या, थर्मास, सफरचंदं. जिलाँगच्या पुढे रस्त्याकडेला गाडी थांबवून चहा ओतला. माझ्या बायकोने, सुनीताने, सफरचंद हातात घेतलं आणि विचारलं, "चाकू?"

चाकू घरी ओट्यावर होता.

"चावून खा की. इथे सगळे तसंच खातात."

हे बोलायला नको होतं. तिने सफरचंद गुपचूप पिशवीत ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

तिचे वडील, अण्णा, मिरजेला असायचे. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घडीचा छोटा चाकू असे. पेरू असो, काकडी असो, ते पातळ फोड कापत, तिला चिमूटभर मीठ लावत, आणि पहिली फोड सुनीताला देत. आमच्या लग्नानंतरही पहिली तिलाच. जावई दुसरा. त्या वर्षी इथल्या हिवाळ्यात, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, अण्णा गेले. विमानं बंद होती. शेवटचं सगळं आम्ही फोनच्या पडद्यावर पाहिलं. तेव्हापासून सुनीता माझ्याशी एकदाही भांडली नव्हती. एरवी विसरलेल्या चाकूवरून तिने मला पुढच्या गावापर्यंत पुरेल एवढं ऐकवलं असतं. ही शांतता मला झेपत नव्हती.

दोन्ही बाजूंना पॅडक (कुंपण घातलेली कुरणं) होते. मेंढ्या एकमेकींना खेटून उभ्या होत्या. त्यांना दीड मीटर अंतराचं कोणी सांगितलेलं दिसत नव्हतं. हे मी सुनीताला म्हणालोही. ती "हं" म्हणाली.

कोलॅक गावात "टॉयलेट शोधून येतो" अशी थाप मारून मी मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरलो. काउंटरमागे पिकल्या केसांच्या बाई होत्या.

"काय कापायचंय, डार्ल?" (असं इथे कोणालाही म्हणतात, हुरळून जायचं नसतं.)

"बायकोसाठी सफरचंद."

माझं लक्ष मात्र कात्री, करवत आणि बूच काढायचा स्क्रू असलेल्या जाडजूड चाकूवर. करवतीने मी काय कापणार होतो, देव जाणे. पण इंजिनिअर माणसाला जास्त पाती दिसली की राहवत नाही. तो उघडताना माझं नख मोडलं. बाई हसल्या असाव्यात. मास्कवर डोळेच तेवढे दिसत होते.

मग त्यांनी लाकडी मुठीचा, एकाच पात्याचा, दुकानातला सगळ्यात स्वस्त चाकू काउंटरवर ठेवला आणि त्या मागे सरल्या. मी पुढे होऊन उचलला. सहज उघडला. पातं बोटाएवढं, पातळ, जराही न हलणारं.

मला हसू आलं. सुनीताच्या माहेरी चाकू कधी हातात देत नाहीत. खाली ठेवायचा, दुसऱ्याने उचलायचा. नाहीतर दोघांत भांडण होतं म्हणे. त्या वर्षी सगळं जगच एकमेकांना चाकू दिल्यासारखं, वस्तू खाली ठेवून मागे सरत, वागत होतं.

"खिशात घालून गावभर हिंडू नकोस हं," बाईंनी बजावलं. "खाण्याच्या डब्यातच ठेव. पोलिसाने विचारलं तर सफरचंद दाखव."

"नो वरीज," मी म्हणालो.

तळ्याकाठी बाकावर बसून कापायला घेतलं. पहिली फोड जाडजूड झाली, दुसरी तिरकी. पहिली सुनीतापुढे धरली. ती चाकूकडेच बघत राहिली.

"हा कुठून आणलास?"

"टॉयलेटच्या वाटेवर मिळाला."

ती हसली नाही, पण फोड घेतली. एक घास खाल्ला. मग हळूच म्हणाली, "मीठ?"

मीठही ओट्यावरच होतं.

समोर काळे हंस पाण्यात माना घालत होते. तिने मास्कनेच डोळे टिपले. सफरचंद मात्र आम्ही संपवलं.

दिवेलागणीला वेरिबीत परतलो. इतक्या महिन्यांनी एवढा लांबचा प्रवास झाला, आणि मिरज होतं तितकंच दूर राहिलं होतं. चाकू धुतला, पुसला, रिवाजाप्रमाणे ओट्यावर ठेवला आणि मागे सरलो. सुनीताने तो उचलला नाही. तळहात पुढे केला.

"हातात दे."

"अगं, भांडण होतं ना?"

"होऊ दे. मीठ विसरलास, त्यावर अजून मी काही बोललेच नाहीये."