घोड्याचा नाल आणि परतणारा वेल

हेलेनाताईंची आणि माझी ओळख माझ्या गुडघ्यामुळं झाली. पंच्याण्णव सालाच्या आसपासची गोष्ट असेल. माझ्या मुलानं, दिलीपनं, मला जालन्याहून कुवेतला आणलं ते नातवंडं सांभाळायला, आणि आल्या आल्या मलाच सांभाळायची वेळ आली. न्हाणीतल्या ओल्या फरशीवर पडले. हाड सांधलं, पण गुडघा वाकेना. दिलीप मला जाब्रियातल्या एका दवाखान्यात घेऊन गेला. तिथं व्यायाम करून घ्यायला ज्या बाई आल्या त्या उंच, गोऱ्यापान, निळ्या डोळ्यांच्या. मी दिलीपला म्हटलं, "अरे, हिला माझं ओरडणं तरी कळंल का?" तर त्या बाई माझ्या पायाशी स्टूल ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "ओरडा आजी. मराठीतच ओरडा. मी सिन्नरची सून आहे."

त्या हेलेनाताई शेळके यंदा साठ वर्षांच्या झाल्या. आपल्या इथल्या मराठी मंडळानं त्यांच्यावर हे पुस्तक काढायचं ठरवलं आणि मलाही दोन पानं लिहायला सांगितली. शाळा मी चौथीत सोडली, तेव्हा मोठे शब्द शोधू नयेत. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिते.

ताई मूळच्या पोलंड देशाच्या. वसंतराव शेळके तिकडं इंजिनियरिंग शिकायला गेले आणि शिक्षणाबरोबर बायको घेऊन आले. पुढं वसंतरावांना कुवेतला तेलाच्या कंपनीत नोकरी लागली आणि ताई इथं दवाखान्यात लागल्या. आपल्यापैकी निम्म्या लोकांच्या कमरा, माना आणि खांदे त्यांच्या हाताखालून गेलेत. गोड बोलून काम करायचा त्यांचा स्वभाव नाही. रडणाऱ्याला त्या रुमाल देतात आणि पाय आणखी वाकवतात.

पण कुणाला अडलेलं त्यांना बघवत नाही. इथल्या राई भागातल्या एका गोदामात रत्नागिरीकडचा कादिर नावाचा माणूस होता. त्याचा खांदा धरला होता आणि मालक दवाखान्यात जायला सुट्टी देईना. ताईंना कळलं तशा त्या शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, रबराची पट्टी घेऊन थेट त्याच्या खोलीवर गेल्या. तो बिचारा दारातच अवघडला. "बाई, आत कशा येता? खोलीत दहा बाप्ये राहतात."

"मग दहाही जणांचे खांदे बघते," ताई म्हणाल्या. "सरका."

त्यानंतर पुष्कळ शुक्रवार त्या तिकडं जात होत्या. चहा सोडून तिथं काही घेतलं नाही, आणि चहात साखर कमी म्हणून तक्रारही केली.

आता मूळ गोष्टीकडं येते. माझा गुडघा वाकवताना मी किंचाळायची, म्हणून ताईंनी मला त्यांच्या माहेरची गोष्ट सांगायला सुरुवात केली. माणूस ऐकत असलं की ओरडायचं विसरतं, असं त्यांचं म्हणणं. रोज थोडी थोडी. गुडघा बरा झाला तरी गोष्ट संपली नाही, मग मी शुक्रवारी त्यांच्या घरी जाऊन ऐकू लागले.

त्यांचं माहेर म्हणजे जुन्या सरदारांचं घराणं. आडनाव ब्रोझनित्स्की. तिकडं अशा घराण्यांना एक खूण असते. ढालीवर, अंगठीवर, ताटावाटीवर तीच. ताईंच्या घराण्याची खूण घोड्याचा नाल आणि नालाच्या पोटात क्रूस. एवढं ऐकल्यावर मला वाटलं, राजवाडे आणि हत्ती असतील. तसं काही नव्हतं. त्यांच्याकडं सगळ्या भावांना वाटणी मिळायची, त्यामुळं चार-सहा पिढ्यांत जहागिरीच्या पट्ट्या झाल्या. थोरल्या शाखेकडं मोठं घर राहिलं. मधली शाखा पूर्वेकडं गेली, आणि पुढं देशाची शीवच सरकली तशी ती माणसं परदेशात जमा झाली. धाकट्या शाखेकडं इतकी कमी जमीन उरली की स्वतः नांगर धरावा लागला, पण सरदार म्हणून नांगरतानाही कमरेला तलवार.

मी म्हटलं, "म्हणजे आमच्या गावचे पाटीलच. घरात दाणा नाही आणि फेटा उतरत नाही."

ताई इतक्या हसल्या की माझा पाय हातातून सुटला.

हिटलरच्या मोठ्या लढाईनंतर नव्या सरकारनं थोरल्या शाखेची जमीन घेतली, घरात शाळा भरवली. ताईंचे वडील त्याच शाखेचे. ते साखर कारखान्यात कारकून झाले आणि मुलांना ताकीद दिली की खुणेचं नाव बाहेर काढायचं नाही. घरच्या, खूण कोरलेल्या चांदीच्या चमच्यांतला एक तेवढा राहिला, तो मोज्यात घालून ठेवलेला. तो चमचा ताईंनी लग्नात सिन्नरला आणला, तिथून कुवेतला. इथं इराकच्या लढाईत त्यांचं घर पार लुटलं गेलं, पण त्या सुट्टीवर बाहेर होत्या आणि चमचा त्यांच्या पर्समध्ये होता. परत आल्यावर रिकाम्या घरात त्यांनी काय केलं, तर खिडकीत तो चमचा ठेवला आणि झाडू हातात घेतला. वसंतराव अजून सांगतात.

त्याच सुमाराला त्यांच्या देशातलं ते राज्य गेलं, लोक बोलायला मोकळे झाले, आणि ताई दर उन्हाळी रजेत शाखा शोधायला लागल्या. चर्चची जुनी दप्तरं बघायची, म्हाताऱ्या माणसांकडं बसायचं. सापडलेली नावं त्या मोठ्या कागदावर झाडासारखी मांडत. तो कागद त्यांच्या जेवणघराच्या भिंतीवर लावलेला आपण सगळ्यांनी पाहिलाय. बापाकडच्या नात्याला तिकडं तलवारीकडचं म्हणतात आणि आईकडच्या नात्याला चातीकडचं. ताई दोन्हीकडची नावं सारख्याच मोठ्या अक्षरात लिहीत. मी विचारलं, तर म्हणाल्या, "आजी, सूत कातल्याशिवाय तलवारवाल्याला अंगात घालायला काय मिळणार?"

हा सगळा अभ्यास त्यांच्या घरात एकदा चांगलाच अंगाशी आला. तो प्रसंग मी जवळून पाहिला, म्हणून तो सविस्तर लिहिते.

तीन-चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचं, मीराचं, लग्न ठरलं. मुलगा तोमाश, पोलंडचाच, इथं अहमदीला कामाला. सिन्नरहून वसंतरावांची थोरली बहीण, शेवंताआक्का, लग्नासाठी आल्या. आक्कांचा त्या घरात शब्द मोठा, आणि तो का ते सांगते. वसंतरावांची आई लवकर गेली, त्यांना वाढवलं आक्कांनी. ते गोरी बायको घेऊन गावात आले तेव्हा भावकीनं दारं लावली. एकट्या आक्का भाकरतुकडा घेऊन उंबऱ्यात आल्या आणि दोघांवरून ओवाळून टाकला. हेलेनाताई हे कधी विसरल्या नाहीत.

मुलगा परदेशी, धर्मानं ख्रिस्ती, याचं आक्कांना काही वाटलं नाही. भावाचा संसार बघून ते केव्हाच पचलं होतं. अडलं भलतीकडंच. आक्का आल्यावर तोमाश पहिल्यांदा जेवायला आला, त्याच्या बोटात अंगठी. आक्का त्याला वाढत होत्या. वाढता वाढता हात थांबला. अंगठीवर नाल आणि नालात क्रूस. आक्कांनी काचेच्या कपाटातल्या चमच्याकडं पाहिलं, परत अंगठीकडं पाहिलं, आणि भाताचं पातेलं खाली ठेवलं.

तोमाश गेल्यावर त्या म्हणाल्या, "वसंता, हे लग्न होत नाही."

"का गं आक्का?"

"हेलेनाच्या माहेरची खूण आणि या पोराची खूण एक. म्हणजे एक देवक, एक भावकी. आईच्या माहेरात लेक देतोस? वेल परतवतोस?"

आपल्यात आईच्या माहेरच्या घरात मुलगी देत नाहीत. वेल पुढं जायचा, मागं फिरायचा नाही. ही चाल आपण सगळे जाणतो. पण ती पोलंडच्या सरदारांना लावणाऱ्या शेवंताआक्का पहिल्याच.

ताईंनी त्यांना भिंतीवरच्या कागदापुढं बसवून समजावलं. "वन्सं, आमच्याकडं एका खुणेखाली शेकडो घरं असतात. रक्ताचं नातं नसतं. एका सरदाराच्या निशाणाखाली लढायला आले, त्यांनी ती खूण घेतली. तोमाशचं घराणं वेगळं, आडनाव वेगळं."

"कागद तू लिहिलास," आक्का म्हणाल्या. "खूण मी माझ्या डोळ्यांनी बघितली."

"ममा, दिस इज रिडिक्युलस," मीरा म्हणाली. "आम्ही चर्चमध्ये लग्न करतो. ज्यांना यायचं ते येतील."

"मग मी उद्याच्या विमानानं जाते," आक्का म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांदेखत नको."

वसंतराव एवढे मोठे इंजिनियर, पण दोघींच्या मधे खांबासारखे उभे. बहिणीला डावलून त्यांच्यानं मुलीचं कन्यादान होणार नव्हतं, आणि मुलगी थांबणार नव्हती. आक्का गेल्या असत्या तर बहीण-भावांनी पुन्हा एकमेकांची तोंडं बघायची नाहीत इथवर गोष्ट गेली असती. हे त्या घरातल्या प्रत्येकाला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ताई माझ्याकडं आल्या. मी मेथी निवडत होते. त्यांनी समोरची जुडी ओढली आणि त्याही निवडायला लागल्या.

"तुम्ही खरं बोलताय ना?" मी विचारलं. "मग आक्कांना ठणकावून सांगा की."

"आजी, आमच्या थोरल्या आणि धाकट्या शाखेत कशावरून तुटलं माहीत आहे? एका लग्नात चर्चमधल्या पहिल्या बाकावर कोण बसणार यावरून. दोघांचंही म्हणणं खरं होतं, दोघांकडं पुरावे होते. पुढच्या पिढ्यांनी एकमेकांना ओळखलं नाही. त्या दोन फांद्या जोडायला मला सात उन्हाळे लागले. मला माझ्या घरात तसं नको."

मग त्यांनी मुद्दा काढला. आपल्यात गोत्राची, देवकाची अडचण आली तर मुलगी दुसऱ्या जोडप्याच्या मांडीवर देतात, त्यांचं देवक तिला लागतं, आणि कन्यादान ते करतात. ताईंनी हे इथल्याच एका लग्नात पाहिलं होतं. "दिलीप आणि संगीता मीराला मांडीवर घेतील का?" त्यांनी विचारलं. संगीता माझी सून. "मीरा त्यांची मुलगी झाली की तिच्या आईचं माहेर पोलंड राहणार नाही. मग वेल परतायचा प्रश्न नाही."

मी म्हटलं, "अहो, पण मग तुमच्या एकुलत्या एक लेकीच्या लग्नात तुम्ही पाटावर बसणार नाही. लोकांत बसावं लागेल."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आजी, आमच्या घराण्याचा मूळ पुरुषसुद्धा या खुणेत जन्मलेला नव्हता. त्याला एका सरदारानं आपल्या खुणेत घेतलं. दत्तकच म्हणा. मीरा काही जगावेगळं करत नाही." एवढं बोलून त्यांनी मेथीची काडी मोडली, आणि नंतर बराच वेळ नुसत्याच काड्या मोडत राहिल्या. पानं काड्यांतच गेली.

मीराची समजूत त्यांनीच घातली. आक्कांनी तर लगेच मान हलवली. त्यांनाही परत जायचं नव्हतंच, पण बोललेलं मागं घेता येत नव्हतं.

साल्मियातल्या एका इमारतीच्या तळघरात लग्न झालं. भटजी म्हणजे रिफायनरीतले जोशी. सकाळी मीराला दिलीपच्या मांडीवर दिलं. पंचविशीची उंच मुलगी, दिलीपचा पाय आखडला, सगळे हसले. मग दिलीप आणि संगीता पाटावर बसले. हेलेनाताई हिरवी पैठणी नेसून पाहुण्यांच्या पहिल्या ओळीतसुद्धा नाही, तिसऱ्या ओळीत कडेच्या खुर्चीवर बसल्या. पुढं कोण बसलंय याकडं त्यांनी पाहिलंही नाही. हात मांडीवर, पाठ ताठ.

अंतरपाट धरला. जोशी म्हणाले, "मुलीच्या मागं मामा उभे राहू द्या."

कुणी उठेना. या गडबडीत मामाचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आता मुलीची आई संगीता, म्हणजे मामा संगीताचा भाऊ, आणि तो परभणीला.

"मामाशिवाय मुलगी उभी करता?" आक्का कडाडल्या. "संगीता, तुझ्या माहेरचं कुणीच नाही इथं?"

माझी सून तशी अबोल. तिनं पाटावरून मान वळवली आणि म्हणाली, "आहे की. माझी बहीण आहे. तिसऱ्या ओळीत बसलीय."

सगळ्यांनी आक्कांकडं पाहिलं. नियम त्यांचाच होता. मुलगी संगीताची, आणि संगीता ज्या बाईला बहीण म्हणते ती माहेरची. आक्कांनी हेलेनाताईंकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मामासाठी आणलेलं उपरणं ताटातून उचललं, तिसऱ्या ओळीपर्यंत चालत गेल्या आणि पैठणीच्या पदरावरून ते ताईंच्या खांद्यावर टाकलं.

"ऊठ," आक्का म्हणाल्या. "मुहूर्त टळतोय. आणि रडू नकोस, मामा रडत नसतो."

मंगलाष्टकं होईपर्यंत हेलेनाताई मुलीच्या पाठीशी, तिच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभ्या होत्या. मीराचे खांदे हलत होते. ताईंचे हात हलले नाहीत.

हेलेनाताई, तुमच्या गुडघ्यांना माझ्या गुडघ्याची अवस्था कधी न येवो. डोळ्यांना दप्तरातलं बारीक अक्षर दिसत राहो, आणि ज्या फांद्या अजून सापडल्या नाहीत त्याही सापडोत. तुमचे हात आहेत तसे राहोत. या गावात अजून पुष्कळ खांदे धरायचे आहेत. खूप जगा, आणि धडधाकट जगा.