लिंपलेली भट्टी

सानगडीत माझ्याइतकी स्वच्छ विजेची भट्टी कुणाकडेच नाही, कारण विजेची भट्टी दुसऱ्या कुणाकडे नाहीच.

शाळेतून निवृत्त झालो आणि मोबाइलवर बघून कुंभारकाम शिकलो. सगळ्यांचा विरोध मोडून पडवीत ही पिंपाएवढी भट्टी बसवली. (आजवर तिच्यातून निघालेल्या वाट्या वाटीसारख्या दिसतात, असं मी म्हणतो.) भट्टी बंद असताना आत धूळ जाऊ द्यायची नाही, तारा खराब होतात, हे मी घरात इतक्यांदा सांगितलं की बायको, मंदा, झोपेतही म्हणायला लागली, "आग लागो त्या धुळीले!"

दिवाळी झाली आणि शेजारच्या भाऊरावांनी कुंपणापलीकडे धान चुरायची, म्हणजे मळणीची, मशीन लावली. चहात कोंडा, अंथरुणात तणस! मी भट्टीवर चादर टाकली. धूळ चादरीतून गेली. प्लास्टिक गुंडाळलं, तर खालून शिरली. मग डोक्यात लख्ख उजेड पडला. धान साठवायची ढोली आपण वर्षभर कशी जपतो? झाकणाच्या फटी शेणामातीनं लिंपून!

मंदा बाजारात गेली होती. मी लगेच शेणमाती कालवली.

"काय करून राहिले जी मास्तर?" कुंपणावरून भाऊराव.

"भट्टी लिंपून राहिलो."

"काहून? धान भरलं का तिच्यात?"

"तुमच्या मशीनची धूळ जाते ना तिच्यात!"

"मंग मशीनच लिंपाची होती!"

मी लक्ष दिलं नाही. झाकण न उघडताच ते चारी बाजूंनी गच्च लिंपलं आणि वर धुतलेली चादर टाकली. घरात कुणाला पत्ता नाही.

मग आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, आली. मंडईला पाहुणे येतातच, पण यंदा कोंढ्याहून मुलीचे सासू-सासरे पहिल्यांदाच येणार होते. मंदाचा जीव टांगणीला लागला होता. फराळात खोट निघाली तर मुलीला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार!

पाहुणे आले, पाणी झालं. मंदा फराळाची ताटं मांडायला आत गेली आणि मी व्याह्यांना कला दाखवायला पडवीत आणलं. विहीणबाईही मागोमाग आल्या.

"पाहा इवाईबुवा, हे बटन दाबलं का आकडे चढतात. आत नुसता सूर्य!"

बोट बटणावर टेकणार, इतक्यात मंदा ताटं टाकून धावत आली.

"अजी थांबा! चकल्या!"

"कायच्या चकल्या?"

"आतमंदी हायेत! अनरसेबी! तुमीच म्हनत होते ना, भट्टीत धूळ जाऊ द्याची नाही? घरभर धूळ, मंग फराळ ठेवू कुठी?"

तिनं चादर ओढली. खाली वाळलेली शेणमाती! विहीणबाईंनी पदर नाकाला लावला. मंदाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"आता पोरीले काय तोंड दाखवू मी?"

माझ्या एका छंदापायी मुलीचं सासर बिघडणार! खुरपं घेतलं आणि खरवडायला लागलो. खर्रर्र, खर्रर्र!

"मास्तर, भिंत पाडून राहिले का?" अर्थात भाऊराव.

शेवटची खपली निघाली. मी डोळे मिटून झाकण उचललं.

आत धुळीचा कण नाही! स्टीलचे डबे लखलखत होते. विहीणबाईंनी दोन बोटांनी एक चकली उचलली आणि दाताखाली धरली.

कुर्रर्र! कुंपणावर भाऊरावांनाही ऐकू गेली!

"अवं माय! कालच तळल्यावानी! आमच्या घरच्या त सरदून नरम झाल्या. कोनं लिंपली हे?"

मी खुरप्यासकट हात वर केला. मंदा डोळे पुसत हसली आणि चारचौघांत पहिल्यांदाच म्हणाली, "आमचे हे लय हुशार हायेत."

छाती फुगून सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं! व्याह्यांनी दुसरी चकली घेतली, तिसरी घेतली आणि माझी पाठ थोपटली.

"इवाईबुवा, मानलं तुमच्या भट्टीले! पन एक करा, हिले कधी पेटवू नोका."

हल्ली विहीणबाईंचे पापडसुद्धा ठेवायला माझ्याकडेच येतात. कुंभारकामात मला मिळालेली ही पहिली शाबासकी, आणि तीही भट्टी पेटवली नाही म्हणून!