खोललेली मोटार

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत जानेफळात काकांची मोटार होती, पण ती दुरुस्त करणारा कोणी उरला नव्हता. मेहकरचा मिस्त्री फौजेच्या गाड्या सांभाळायला निघून गेला होता. मोटार चढावर दम टाकायची, एवढंच तिचं दुखणं. मी अमरावतीचं कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलो होतो. काकूच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता. "त्याच्या आधी मी नीट करून देतो," असं मी काकांना सांगितलं.

इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण काढून मी आतली, जोर खाणारी काजळी खरवडली. त्यासाठी कार्बुरेटर आणि त्यातून इंजिनात पेट्रोलची वाफ नेणारी नळीही काढावी लागली. नळीच्या सांध्यातलं पॅकिंग फाटलं. नवं कुठे मिळणार? पुठ्ठा कापला, ग्रीस फासलं, बसवून दिला.

हँडल मारलं. गाडी सुरू झाली आणि हिवताप भरल्यासारखी थडथडायला लागली. जोरात पेट्रोल दिलं की बरी चालायची. पाय उचलला की खोकायची आणि बंद पडायची.

मी प्लग काढून रॉकेलमध्ये घासले. पुन्हा थडथड. तारा उलटसुलट लागल्या असतील म्हणून तपासल्या, बरोबर होत्या. कार्बुरेटरची भोकं फुंकून फुंकून गाल दुखले. शेजारचे मियाँजी सरकीचा व्यापार करायचे. कापसातून सरकी काढायच्या त्यांच्या जिनात तेलाचं इंजिन होतं, म्हणून त्यांचा शब्द मानायचा. ते कानामागे हात धरून ऐकत म्हणाले, "पेट्रोलमें पानी है, भैया." टाकी उपसली, पेट्रोल धोतराच्या कपड्यातून गाळलं. पाण्याचा थेंब नाही, आणि रेशनचं पेट्रोल मात्र बरंच अंगणात जिरलं.

काका ओसरीवरून पाहत होते. "चांगली चालू राह्यली होती. काऊन खोलली बे तिले?"

"काका, चढावर..."

"आता त सपाटीवरही चालून नाही राह्यली!"



ठरल्या सकाळी ती तशीच थरथरत निघाली. बाजाराजवळ बैलगाड्या आडव्या आल्या, पाय उचलावा लागला, आणि ती बंद. हँडल मारून हाताला फोड आले. लोक जमले. कोणी म्हणे ढकला, कोणी म्हणे पाणी घाला. गावाबाहेर लिंबाखाली पुन्हा बंद पडली. तेवढ्यात पेट्रोलऐवजी पाठीवरच्या कोळशाच्या भट्टीतल्या वायूवर चालणारी बस धूर सोडत आली.

"आपुन बसनंच जाऊ," काकू म्हणाली. काकांनी तिचा हात धरून तिला चढवलं आणि माझ्याकडे न पाहता स्वतः चढले.

मी एकटा राहिलो. संताप असा की डोळ्यांत पाणी आलं. तरी इंजिन सुरू केलं, स्टिअरिंगजवळचा पेट्रोलचा खटका ओढून ते चालू ठेवलं आणि चार प्लगांपैकी एकेकाची तार काढून पाहिली. पुढच्या दोनपैकी कुठलीही तार काढली की इंजिन मरायला टेकायचं; मागच्या दोनपैकी कुठलीही काढली तरी त्याला पत्ता नसायचा. म्हणजे मागचे दोन सिलिंडर कामच करत नव्हते. पण का? तेलकट फडक्याला हात पुसले आणि रागानं ते इंजिनावर आपटलं. ते नळीच्या सांध्यावर पडलं. थडथड थांबली.

फडकं उचललं, पुन्हा थडथड. ठेवलं, शांत. कान खाली नेला तर सांध्यातून फुस्स असा आवाज. मी एका बाजूचा नट आधी गच्च आवळला होता. त्यानं मागच्या बाजूला पुठ्ठा चिरला होता आणि तिथून हवा आत शिरून मागच्या दोन सिलिंडरांकडे जाणारी पेट्रोलची वाफ पातळ करत होती. इतके दिवस मी बाकी सगळं तपासलं, स्वतः बसवलेला पुठ्ठा सोडून.

गाडीसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तकाचं जाड कव्हर फाडून दुसरं पॅकिंग कापलं. नट या बाजूचा थोडा, त्या बाजूचा थोडा, असे आवळले. इंजिन मांजरासारखं गुरगुरू लागलं. बसच्या मागे लागावं म्हणून टाकीत काडी घालून पाहिली. सकाळपासूनच्या खटपटीत इतकं जळालं होतं की अकोल्यापर्यंत पुरेल इतकं पेट्रोल उरलं नव्हतं. स्टिअरिंगवर मूठ आपटली आणि गाडी घराकडे वळवली.

ऑपरेशन चांगलं झालं. ती दोघं परत यायची त्या दिवशी मी मोटार घेऊन मेहकरच्या स्टँडवर गेलो. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधलेली काकू मागे बसली. काका बसमधून उतरलेच नाहीत. त्याच बसनं ते पुढे जानेफळला आले. वाटेत काकू म्हणाली, "आता हालून नाही राह्यली रे."

"हो काकू."

"बसमंधीही काही तरास नाही झाला पण."

पुढे बरेच दिवस काका माझ्याशी कामापुरतंच बोलले. मग एका सकाळी अंगणात हँडल फिरल्याचा आवाज आला. मी बाहेर येईतो ते मोटार घेऊन शेताकडचा चढ चढून जात होते. दुपारी परत आले, हात धुतले, जेवायला बसले.